आनंद पटवर्धन : कॅमेऱ्याने नोंदवलेली साक्ष

बाबरी मशीद ६ डिसेंबर १९९२ रोजी पाडण्यात आली. ती पाडण्याची हवा कशी तयार केली गेली, रथयात्रेभोवती जमणाऱ्या तरुणांना रामाबद्दल किती माहिती होती, खुद्द अयोध्येतल्या सामान्य हिंदूंना आणि मुसलमानांना काय वाटत होतं, हे सगळं सांगणारा एक माहितीपट त्याआधीच तयार होता. सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र त्याला मिळालं होतं. १९९२ सालीच केंद्र सरकारने त्याला राष्ट्रीय पुरस्कारही दिला. पण त्याच सरकारच्या दूरदर्शनने तो दाखवला नाही. त्या काळी घराघरात एकच वाहिनी पोचत होती. रामायण मालिका त्याच वाहिनीवर लोकांनी हार-फुलं वाहून पाहिली होती. हा माहितीपट मात्र देशाने पाहिला नाही आणि वर्ष संपायच्या आत मशीद पडली.

त्या माहितीपटाचं नाव ‘राम के नाम’ आणि तो करणारे आनंद पटवर्धन.

एका माहितीपटाने मशीद वाचली असती, असा माझा दावा नाही. पण पुरस्कार द्यायचा आणि लोकांना दाखवायचं नाही, या व्यवहारात आपल्या लोकशाहीची एक जुनी खोड दिसते. पटवर्धनांचं पन्नास वर्षांचं काम समजून घ्यायचं तर त्यांनी काय चित्रित केलं एवढंच पाहून भागत नाही. चित्रित केलेलं लोकांपर्यंत पोचवण्यासाठी त्यांनी काय केलं, हेही पाहावं लागतं. माझ्या मते त्यांच्या कलेचा अर्धा भाग कॅमेऱ्यात आहे आणि उरलेला अर्धा कोर्टाच्या पायऱ्यांवर आणि वस्त्यांतल्या कापडी पडद्यांवर.

घर आणि जडणघडण

पटवर्धनांचा जन्म १९५० साली मुंबईत झाला. घराणं अहमदनगरचं. रावसाहेब आणि अच्युतराव पटवर्धन हे त्यांचे काका. दोघेही स्वातंत्र्यलढ्यातले समाजवादी नेते. बेचाळीसच्या लढ्यात अच्युतरावांनी भूमिगत राहून केलेलं काम आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारशी असलेला त्यांचा संबंध महाराष्ट्राला ठाऊक आहे. आई निर्मला सिंधमधल्या हैदराबादच्या. त्या शांतिनिकेतनात शिकल्या आणि पुढे मातीच्या भांड्यांच्या कलाकार म्हणून नावारूपाला आल्या. एका बाजूला नगरचं गांधीवादी-समाजवादी वातावरण आणि दुसऱ्या बाजूला फाळणीने गमावलेला सिंध, असा हा वारसा.

मुंबईत इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात समाजशास्त्र शिकायला गेले. तो व्हिएतनाम युद्धाचा काळ होता. युद्धविरोधी आंदोलनात ते उतरले, अटकही झाली. त्यानंतर कॅलिफोर्नियात सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेत त्यांनी स्वयंसेवक म्हणून काम केलं. १९७२ ला भारतात परतल्यावर ते मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या ‘किशोर भारती’ या ग्रामीण शिक्षणाच्या प्रकल्पात गेले. म्हणजे हा माणूस आधी कार्यकर्ता झाला, कॅमेरा नंतर हातात आला. फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेल्या दिग्दर्शकाची ही वाट नाही.

सरकारी आवाजाच्या पलीकडे

त्या वेळी भारतात माहितीपट म्हणजे फिल्म्स डिव्हिजन. १९४८ साली स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेचे समाचारचित्र आणि माहितीपट थिएटरात मुख्य सिनेमाआधी दाखवणं बंधनकारक होतं. धरणं, कारखाने, कुटुंब नियोजन, पंचवार्षिक योजना. वरून एक भारदस्त आवाज प्रेक्षकाला सगळं समजावून सांगायचा. पडद्यावरची माणसं मात्र क्वचितच बोलायची. एस. सुखदेव यांच्यासारख्या काही दिग्दर्शकांनी या चौकटीतही वेगळं काम केलं, पण चौकट सरकारचीच राहिली.

या चौकटीला कायद्याच्या अंगाने पहिला मोठा धक्का ख्वाजा अहमद अब्बास यांनी दिला होता. ‘चार शहर एक कहानी’ या त्यांच्या छोट्या माहितीपटात मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्लीतली श्रीमंती आणि गरिबी शेजारी-शेजारी ठेवली होती. सेन्सॉरने मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांवर आक्षेप घेतला. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० साली सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने चित्रपटांवरची पूर्वसेन्सॉरशिप वैध ठरवली, पण कलेच्या स्वातंत्र्याला जागा राहील असे निकष असावेत, हेही बजावलं. पटवर्धनांनी पुढे लढलेल्या खटल्यांची वाट इथून सुरू होते.

१९७४ मध्ये बिहारमध्ये जयप्रकाश नारायण यांचं आंदोलन पेटलं आणि पटवर्धन तिकडे गेले. पैसे नव्हते, साधनं नव्हती. घरगुती चित्रणासाठी वापरतात तसल्या सुपर-८ कॅमेऱ्यावर आंदोलन टिपलं. मग ते पडद्यावर दाखवून १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने पुन्हा चित्रित केलं. ‘क्रांती की तरंगें’ असा तयार झाला. पाठोपाठ आणीबाणी आली. माहितीपट लपवून ठेवावा लागला. त्याची प्रत तुकडे-तुकडे करून देशाबाहेर नेली आणि परदेशात पुन्हा जोडली. पटवर्धन स्वतः कॅनडात मॅकगिल विद्यापीठात शिकायला गेले. गनिमी पद्धतीने सिनेमा करणं या विषयावरच त्यांनी तिथे प्रबंध लिहिला. आणीबाणी उठल्यावर परत येऊन राजकीय कैद्यांवर ‘ज़मीर के बंदी’ केला.

या सुरुवातीच्या दिवसांतून त्यांची शैली घडली. चित्र थोडं हललं, दाणेदार दिसलं तरी चालेल, पण प्रसंग घडताना तिथे हजर राहायचं. शक्यतो स्वतःच कॅमेरा धरायचा, स्वतःच संकलन करायचं. सरकारचा किंवा कंपन्यांचा पैसा घ्यायचा नाही. एका विषयामागे वर्षानुवर्षं राहायचं.

‘हमारा शहर’

१३ जुलै १९८१ रोजी मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या गावी पाठवण्याचा आदेश निघाला. तो काढणारे मुख्यमंत्री होते बॅरिस्टर ए. आर. अंतुले. कोकणातले, आपल्यातले, महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. आपल्याकडे अंतुल्यांच्या आठवणी अभिमानाने सांगतात आणि त्यांनी केलेली चांगली कामं खरीही आहेत. पण भर पावसात ज्यांच्या झोपड्या मोडल्या त्यांनाही या इतिहासात जागा हवी. हे प्रकरण ऑल्गा टेलिस खटल्याच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात गेलं. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असं न्यायालयाने १९८५ ला म्हटलं, मात्र फुटपाथ मोकळे करायलाही परवानगी दिली.

त्याच वर्षी ‘हमारा शहर’ आला. मुंबईच्या झोपड्या पाडणाऱ्या गाड्या, वातानुकूलित खोल्यांतून शहर स्वच्छ करण्याची भाषा करणारे प्रतिष्ठित लोक आणि ज्यांनी हे शहर बांधलं ते मजूर, हे सगळं त्यात समोरासमोर येतं. यातलं एक दृश्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घर मोडलेली एक बाई कॅमेऱ्यावरच चिडते. तुम्ही येता, गरिबांचे फोटो काढता, नाव कमावता, आमच्या हाती काय लागतं, असा तिचा सूर आहे. दुसऱ्या कुणी हा भाग कापून टाकला असता. पटवर्धनांनी तो ठेवला. कॅमेऱ्यामागच्या माणसालाही प्रश्न विचारला गेला पाहिजे, हे त्यांनी मान्य केलं.

तिच्या प्रश्नाचं उत्तरही त्यांनी कृतीने देण्याचा प्रयत्न केला. १९८६ मध्ये कफ परेडजवळच्या संजय गांधी नगर या वस्तीवर बुलडोझर फिरला. तेव्हा वस्तीतल्या लोकांबरोबर आनंद पटवर्धन आणि शबाना आझमी उपोषणाला बसले. पाच दिवसांनी सरकारला पर्यायी जागा द्यावी लागली.

‘राम के नाम’

सप्टेंबर १९९० मध्ये लालकृष्ण अडवाणी यांची रथयात्रा सोमनाथहून निघाली. पटवर्धनांचा कॅमेरा यात्रेभोवतीच्या गर्दीत शिरला आणि पुढे अयोध्येत पोचला. ३० ऑक्टोबरच्या कारसेवेचे दिवस त्यात आहेत.

या माहितीपटाची ताकद आरडाओरड्यात नाही, ती साध्या प्रश्नात आहे. मंदिर वहीं बनायेंगे म्हणणाऱ्या तरुणांना पटवर्धन शांतपणे विचारतात, राम कोणत्या काळात जन्मले? तरुण गोंधळतात, एकमेकांकडे बघतात. प्रश्न विचारणारा हसत नाही, त्यांना उत्तर शोधायला वेळ देतो. १९४९ च्या डिसेंबरात मशिदीत रात्री मूर्ती ठेवण्यात आपला हात होता, असं एक महंत कॅमेऱ्यासमोर उघडपणे सांगतात. ज्याला ‘प्रकट होणं’ म्हटलं गेलं, ते माणसांनी केलं होतं, याची ही त्यांच्याच तोंडची नोंद आहे. आसपासच्या गावांतले शेतकरी आणि कष्टकरी पोटाच्या प्रश्नांबद्दल बोलतात, शेजारपाजारच्या मुसलमानांबरोबरच्या जुन्या संबंधांबद्दल बोलतात.

आणि मग येतात पुजारी लालदास. न्यायालयाने नेमलेले, त्याच वादग्रस्त जागेवरच्या रामाची पूजा करणारे. ते म्हणतात की आमच्या परंपरेत जिथे मूर्ती आहे ते मंदिरच, त्यासाठी काही पाडायची गरज नाही. हा सगळा खेळ मतांचा आणि पैशाचा आहे आणि मंदिराच्या नावाने गर्जना करणाऱ्यांनी इथे कधी पूजाही केलेली नाही, असं ते निर्भयपणे सांगतात. १९९२ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने त्यांना पुजारीपदावरून दूर केलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. आज लालदासांचा चेहरा, त्यांचा आवाज आपल्याला माहीत आहे तो मुख्यतः या माहितीपटामुळे.

मी हा माहितीपट पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या दिवसांत, मित्राच्या खोलीवर, सीडीवर. नंतर आमच्या मोहल्ल्यात दहा-पंधरा जणांना जमवून दाखवला. संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका बुजुर्गांनी विचारलं, “ये पटवर्धन अपना आदमी है क्या?” मी म्हटलं, नाही चाचा, ब्राह्मण घरातले आहेत. ते म्हणाले, “फिर तो इसकी गवाही ज्यादा वजनदार है.”

चाचांचं ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. पटवर्धनांच्या माहितीपटांत मुसलमान बोलतात, पण जाब विचारला जातो तो मुख्यतः बहुसंख्याकांना, अशी तक्रार आपल्याकडे कधीकधी ऐकू येते. मला यात तक्रार करण्यासारखं काही वाटत नाही. रामाच्या नावाने चाललेल्या राजकारणाबद्दलचा प्रश्न रामभक्तालाच विचारायला हवा होता. त्याचं उत्तर एका पुजाऱ्याने दिलं, म्हणून ते झटकून टाकता आलं नाही. मुसलमानाच्या तोंडची हीच वाक्यं ‘त्यांची बाजू’ म्हणून मोजली गेली असती.

मर्दपणाचा प्रश्न

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसं मेली. त्यात ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. हा अहवाल १९९८ मध्ये सरकारला सादर झाला आणि त्याचं पुढे काय झालं हे आपण जाणतो. पटवर्धनांनी या दंगलीनंतरची मुंबई ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ या दोन भागांच्या माहितीपटात टिपली. मात्र ते दंगलीचा हिशेब मांडून थांबले नाहीत. १९८७ साली राजस्थानात देवराळ्यात रूपकुंवर सती गेली, त्या घटनेपासून रस्त्यावरच्या मर्दानगीच्या औषधांपर्यंत ते गेले. धर्माच्या नावाने हातात तलवार घेणाऱ्याला आपण ‘मर्द’ नाही ठरणार ही भीती कुठून मिळते, हा त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यालाही लागू आहे. बांगड्या भरल्यात का, हे वाक्य आपल्याकडच्या पोरांनाही ऐकवलं जातं. घरातल्या बाईवरचा हक्क आणि चौकातला जोश यांचं नातं आपल्याकडे वेगळं नाही. म्हणून हा माहितीपट दुसऱ्यांचे दोष मोजण्यासाठी पाहायचा नाही.

कोर्टाची पायरी

दूरदर्शनने नकार द्यायचा आणि पटवर्धनांनी न्यायालयात जायचं, हे मग नेहमीचंच झालं. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. दूरदर्शन लोकांच्या पैशावर चालतं, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेलं काम लोकांना पाहायला मिळणं हा लोकांचा हक्क आहे. ‘राम के नाम’ उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दाखवला गेला, पण तोवर मशीद पडून काही वर्षं उलटली होती. ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’चा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. ऑगस्ट २००६ मध्ये न्यायालयाने आठ आठवड्यांत तो प्रसारित करण्याचा आदेश दिला. एखादा तुकडा तोडून नाही, तर पूर्ण कलाकृती सर्वसामान्य माणसाच्या नजरेने पाहून निर्णय घ्यावा, हे तत्त्व न्यायालयाने पुन्हा सांगितलं. अणुचाचण्यांवरच्या ‘जंग और अमन’मध्ये सेन्सॉरने अनेक काटछाटी सुचवल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये एकही काटछाट न करता तो दाखवायला परवानगी दिली.

कोर्टात वर्षं जात होती, त्या काळात माहितीपट घरी पडून राहिले नाहीत. प्रोजेक्टर घेऊन वस्त्यांत, कॉलेजांत, युनियनच्या कार्यालयांत ते दाखवले गेले. पुढे व्हिडिओ कॅसेट, डीव्हीडी आणि आता यूट्यूब. प्रेक्षक पाहून झाल्यावर भांडतात, चर्चा करतात आणि दिग्दर्शक बहुतेकदा तिथेच उभा राहून उत्तरं देतो.

चौदा वर्षं एका शाहिरासाठी

‘हमारा शहर’मध्ये एक शाहीर गाताना दिसतो. विलास घोगरे. दलित, डाव्या चळवळीतला, पहाडी आवाजाचा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधाला जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा जण मेले. चार दिवसांनी विलास घोगरे यांनी आत्महत्या केली.

पटवर्धनांनी तेव्हा कॅमेरा उचलला. ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण व्हायला चौदा वर्षं लागली. तीन तासांहून मोठा हा माहितीपट एका मृत्यूचा शोध घेता घेता महाराष्ट्राच्या शाहिरी परंपरेत, दलित चळवळीच्या फाटाफुटीत आणि खैरलांजीनंतरच्या संतापात शिरतो. त्यात गाणी आहेत आणि ती सजावट म्हणून येत नाहीत. ज्यांच्या हाती वर्तमानपत्र नाही, त्यांचा इतिहास गाण्यात राहतो. तो दाखवला गेला तोही भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, जिथल्या लोकांची ती कहाणी होती.

मराठी मुसलमानांनी हा माहितीपट आवर्जून पाहावा, असं मला वाटतं. पोलीस आधी गोळ्या चालवतात, मग जमावाला दंगलखोर ठरवतात, मग चौकशी आयोग बसतो, अहवाल येतो आणि वर्षं निघून जातात. हा क्रम आपल्याला पाठ आहे. रमाबाई नगराचा क्रमही तोच आहे. शेजारच्या वस्तीचं दुःख आपल्या दुःखाच्या इतकं जवळ असताना आपण दोघं एकमेकांना किती ओळखतो?

वारसा

दाभोलकर, पानसरे यांच्या हत्या, रोहित वेमुलाचा मृत्यू, दादरीच्या अखलाक यांचा जमावाने घेतलेला बळी, हे सगळं एकत्र मांडणाऱ्या ‘विवेक’ला २०१८ मध्ये अॅम्स्टरडॅमच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी केरळच्या महोत्सवात तो दाखवायला केंद्राने परवानगी दिली नाही. तिथेही उच्च न्यायालयात जावं लागलं.

२०२३ मध्ये आलेल्या ‘वसुधैव कुटुंबकम्’मध्ये पटवर्धनांनी कॅमेरा आपल्या म्हाताऱ्या आई-वडिलांकडे वळवला. घरातल्या गप्पांतून स्वातंत्र्यलढा येतो, आईचा सिंध येतो. त्या ओघात अल्लाबख्श सूमरो यांची आठवण निघते. सिंधचे पंतप्रधान राहिलेले हे नेते. एप्रिल १९४० मध्ये, लीगच्या लाहोर ठरावानंतर सुमारे महिन्याभराने, दिल्लीत आझाद मुस्लिम परिषद भरवून त्यांनी फाळणीच्या मागणीला विरोध केला. १९४३ मध्ये त्यांची हत्या झाली. फाळणी मुसलमानांनी मागितली, असं आपल्याला दर दंगलीत ऐकवलं जातं. उत्तरादाखल सूमरोंचं नाव आपल्यातल्या किती जणांना सांगता येतं? ते एका सिंधी आईच्या आठवणीत टिकलं आणि मुलाने नोंदवून ठेवलं.

जानेवारी २०२४ मध्ये, अयोध्येत प्राणप्रतिष्ठा व्हायच्या दोन दिवस आधी, हैदराबादमध्ये ‘राम के नाम’ दाखवणाऱ्यांना पोलिसांनी अटक केली. प्रमाणपत्र असलेला, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, न्यायालयाच्या आदेशाने दूरदर्शनवर दाखवलेला, तीस वर्षांपेक्षा जुना माहितीपट. एवढ्या जुन्या साक्षीची अजून भीती वाटते, याचा अर्थ ती अजून खोडता आलेली नाही.

दंगलीत काय झालं, कुणी वाचवलं, कुणी जाळलं, हे आपल्याकडे घराघरात सांगितलं जातं आणि सांगणारा माणूस गेला की संपतं. आज प्रत्येक खिशात कॅमेरा आहे. भिवंडी, मालेगाव, बेहरामपाडा इथल्या म्हाताऱ्यांना समोर बसवून एक साधा प्रश्न विचारायचा, मध्ये न बोलता उत्तर ऐकायचं आणि ते जपून ठेवायचं. एवढ्या कामासाठी आपल्याला कुणा पटवर्धनांची वाट पाहायची गरज नाही.